पोटखराब्याचीही मोजणी होते

भाचीच्या साखरपुड्याच्या पंगती उठल्या, विड्याचं तबक फिरलं आणि वादाला तोंड फुटलं. मुलाचे काका निफाडकडचे द्राक्षबागायतदार, बोलायला मोकळे. त्यांनी होणाऱ्या सुनेला विचारलं, "पोरी, तू कोचीला नेमकं करतेस तरी काय?" तिनं सांगितलं, की खोल समुद्रातून आलेल्या माशांच्या कल्ल्यांत, तोंडात, मांसात कोपेपॉड नावाचे परजीवी असतात; ते ती काढते, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पायांचे सांधे आणि त्यावरचे काटे मोजते, चित्रं काढते, जात ठरवते, आणि ती जात आपल्या समुद्रातून आधी कुणी नोंदवलेली नसेल तर तशी नोंद छापते. काका क्षणभर थांबले. "म्हणजे कुणी न पाहिलेल्या माशाच्या अंगावरची ऊ. आणि ती मोजायला सरकार पैसे देतं?" हॉलभर हशा पिकला. तिच्या बाजूनं उभे राहिले ते मुलाकडचेच एक निवृत्त प्राध्यापक. म्हणाले, आज निरुपयोगी वाटतं तेच उद्या कामाला येतं, पेनिसिलिनच्या बुरशीचं कुणाला कौतुक होतं? कोण जाणे, या किड्यांतूनही एखादं औषध निघेल. मुलीच्या मामानं साखरपुड्यात भांडायचं नसतं, म्हणून मी आइस्क्रीम खात बसलो. पण खरं सांगायचं तर काकांच्या थट्टेपेक्षा प्राध्यापकांची वकिली मला जास्त बोचली. काकांनी निदान एक सरळ प्रश्न विचारला होता. प्राध्यापकांनी त्याचं उत्तर म्हणून लॉटरीचं तिकीट पुढं केलं.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो. खोल समुद्रातल्या माशांवरच्या परजीवींची नावनिशी ठेवणं हे सरकारचं काम आहे, त्याला सरकारी पैसा लागला पाहिजे, आणि 'याचा उपयोग काय' हा प्रश्न त्याला जात-परत्वे लावता कामा नये. कारण ते शोध लावण्याचं काम कमी आणि दप्तराचं काम जास्त आहे. दप्तराला उपयोग विचारायचा तर तो पूर्ण दप्तराला विचारायचा, एकेका ओळीला नव्हे.

हे मी सांगतो त्याला कारण आहे. नाशिक जिल्ह्यात भूकरमापक म्हणून माझी उमेद गेली. सिन्नरच्या माळांवर आणि इगतपुरीच्या उतारांवर मी जी जमीन मोजली, त्यातली कितीतरी पोटखराबा होती. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखाली एक रकाना असतो. खडक, नाला, खाचखळगे, जिथं काही पिकत नाही अशी जमीन तिथं लिहितात. तिच्यावर आकारणी नाही. मग ती मोजायची कशाला? कारण ती न मोजता शेजारचं बागायत क्षेत्र मोजताच येत नाही. एका गटाचं एकूण क्षेत्र जुळायचं तर नापीक गुंठाही त्यात धरावा लागतो. आजवर एकाही शेतकऱ्यानं मला 'साहेब, पोटखराबा सोडून द्या' असं म्हटलेलं नाही. उलट त्याच्यावरूनच भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत.

आता हे प्राणी तरी काय आहेत ते पाहू, कारण 'ऊ' म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच येतं. कोपेपॉड हे खेकडा-कोळंबीच्या कुळातले, म्हणजे कवचधारी. त्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच समुद्रात मोकळ्या पोहतात. जे परजीवी झाले त्यांनी मात्र अंगावरचं एकेक सामान टाकून दिलं. स्फिरिऑन नावाच्या प्राण्याची मादी माशाच्या मांसात डोकं रुतवते, आत त्या डोक्याचा नांगर होतो आणि बाहेर लोंबतं ते धड, ज्याच्या शेवटाला बारीक नळ्यांचे दोन झुबके असतात. भाचीनं फोटो दाखवला तेव्हा मला थेट द्राक्षाचे विरळणी न केलेले घड आठवले. तिचेच भाऊबंद उंदीरशेपट्या माशांवर सापडतात, आणि हे मासे तर हजारो मीटर खोलीवरचे. सार्कोटेसीस हा त्याहून विचित्र: मादी माशाच्या मांसात गाठ करून राहते आणि गाठ फुटली की शाईसारखं काळं पाणी येतं. ते माशाच्याच रक्तातून झालेलं असतं. काँड्राकँथिडी कुळात नर इतका बारका, की तो मादीच्या अंगाला चिकटलेला एखादा मस वाटावा. आणि ग्रीनलंड शार्कच्या डोळ्याला लटकणारा ओमॅटोकॉइटा. २०१६ सालच्या अभ्यासानं या शार्कचं आयुष्य कमीत कमी २७२ वर्षं धरलं. म्हणजे पानिपताच्या आसपास जन्मलेली शार्क आजही पोहत असू शकते, डोळ्यावर हे लोंबणं घेऊन.

अशा प्राण्याची जात ओळखणं सोपं कसं असेल? जीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये लर्निया हे नाव दिलं आणि तिला कृमींच्या खात्यात, गोगलगाई आणि समुद्रकाकड्यांच्या शेजारी बसवलं. त्याचा दोष नव्हता. दोऱ्यासारखी लोंबणारी मादी पाहून कुणीही तेच केलं असतं. १८३२ साली नॉर्डमननं यांच्या अंड्यांतून निघणारी पिल्लं तपासून दाखवली. ती कोळंबीच्या पिल्लांसारखी, पाय असलेली, पोहणारी निघाली. पाऊणशे वर्षं चुकीच्या गटात पडलेली नोंद दुरुस्त झाली. त्याच सुमारास थॉम्पसननं खडकाला चिकटणाऱ्या बार्नेकलची पिल्लं पाहून तेही शिंपल्यांतून काढून याच कुळात आणले, आणि पुढं डार्विननं त्याच बार्नेकलवर आठ वर्षं घालवली. ही गोष्ट जुनी आणि परदेशी वाटेल, पण तिचं शेपूट आपल्या शेततळ्यात आहे. रोहू-कटला सोडलेल्या शेततळ्यात माशांच्या अंगावर पांढुरके दोरे लोंबताना दिसतात; ती हीच लर्निया, आणि तिला आजही सगळे 'अँकर वर्म', म्हणजे कृमी, म्हणतात. माझ्या ओळखीच्या एकानं तिच्यासाठी जंताचं औषध आणलं होतं. ती जंत नाही. रुतलेली मोठी मादी औषधाला दाद देत नाही, मारायची ती पाण्यात पोहणारी पिल्लं, आणि अंडी पुन्हा फुटत राहतात म्हणून औषध ठरावीक दिवसांनी परत द्यावं लागतं. 'नुसतं वर्गीकरण' म्हणतात ते हे. खातं बदललं की उपाय बदलतो.

आता काकांच्या बाजूचं जे खरं आहे ते कबूल करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिलं: गोदावरीची अवस्था डोळ्यांसमोर आहे. रामकुंडाच्या पाण्यावर दर सिंहस्थात तेच बोललं जातं आणि पर्वणी सरली की विसरलं जातं. दारातली नदी सोडून पाच हजार मीटर खाली कशाला जायचं? हा प्रश्न चीड आणणारा असला तरी खोटा नाही. पण त्यात एक गफलत आहे. नदी घाण राहिली ती कोपेपॉडवाल्यांनी पैसा खाल्ला म्हणून का? खोल समुद्रात जहाज जातं ते माशांच्या पाहणीसाठी. जाळं पडतं ते माशांसाठी. मासा डेकवर आलेलाच असतो. त्याचे कल्ले उघडून पाहायचे की तसाच फेकायचा, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्यापुढचं सामान काय? मी भाचीच्या टेबलावर पाहिलं: सुया, चिमटे, लॅक्टिक आम्लाची बाटली, मधोमध भोक पाडलेली लाकडी पट्टी, जिच्या भोकावर काच ठेवून खाली थेंबात प्राणी लटकवतात, एक जुना सूक्ष्मदर्शक आणि चित्रकलेची पेन्सिल. लाकडी पट्टीची ही युक्ती १९६४ पासून चालत आली आहे. निम्म्या वस्तू मेन रोडवरच्या दुकानांत मिळतील. महाग आहे ते माणूस तयार होणं. त्याला वर्षं लागतात, आणि तो निवृत्त झाला की त्याच्या डोक्यातलं त्याच्याबरोबर जातं.

दुसरा मुद्दा काकांनी मांडला नाही, पण त्यांना माहीत असता तर त्यांनी मला तिथंच गप्प केलं असतं. या क्षेत्रात कचराही पुष्कळ आहे. एकाच मादीवरून, तीही ओढून काढताना मान तुटलेली, नवी जात जाहीर करायची. एका माशावरच्या चार नोंदींचे चार लेख करायचे, कारण बढतीच्या अर्जात लेखांची संख्या मोजतात. पेनेला हा देवमाशांवर आणि मोठ्या माशांवर आढळणारा लांबलचक कोपेपॉड. त्याला माणसांनी इतकी नावं देऊन ठेवली, की पुढच्यांना त्यांतली बरीच एकमेकांत विरघळवावी लागली. कारणही साधं: हे प्राणी मऊ मांसात रुतले की नांगर एका आकाराचा होतो, हाडाला अडले की दुसऱ्या. आकार बदलला म्हणून जात बदलत नाही. मान्य, सगळं मान्य.

पण वाईट नोंदीवरचा उपाय काय, नोंदच न करणं? आपल्याच प्रांतात याचं उत्तर एकदा देऊन झालंय. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या जमिनीची पाहणी केली. सिद्धान्त फार देखणा होता, निव्वळ उत्पन्नावर सारा ठरवायचा. मोजणी मात्र भोंगळ, आणि हाताखालच्यांनी पैसे खाऊन आकडे भरलेले. गावं ओस पडली. मग १८३०च्या दशकात इंदापुरातून विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी सगळं नव्यानं सुरू केलं: सिद्धान्त कमी, मोजणीची साखळी जास्त. शेताशेताला क्रमांक, बांधाला दगड, कोपऱ्याचं टिपण. मोजणीवर विश्वास उडाला होता, पण म्हणून मोजणी बंद झाली नाही. ती पडताळता येईल अशी झाली. वर्गीकरणातही तीच पद्धत आहे. जातीचं नाव एका मूळ नमुन्याला बांधलेलं असतं आणि तो नमुना संग्रहालयात बाटलीत राहतो. उद्या त्या जातीच्या दोन जाती निघाल्या तर जुनं नाव ज्या वाट्यात तो नमुना येईल त्याच्याकडं जातं. भाचीनं हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हा तर हद्दीचा दगड. तेव्हा मागणी करायचीच तर ही करा: नमुना सार्वजनिक संग्रहालयात जमा केल्याशिवाय नवी नोंद मान्य करू नये, एका फाटक्या नमुन्यावर जात काढू नये, आणि बढतीला लेखांची मोजदाद थांबवावी. या तिन्ही मागण्यांवर मी काकांच्या शेजारी उभा राहीन.

तिसरा आक्षेप तरुणांकडून येतो. डीएनए आहे ना, मग पायांवरचे काटे कशाला मोजायचे? पाण्याची बाटली भरा, यंत्रात घाला, यादी बाहेर. डीएनएचा मान मोठा आहे. इवलासा नर, ओळखू न येणारी मादी आणि भलतंच दिसणारं पिल्लू ही तिन्ही एकाच घरातली, हे जुळवायला त्याच्याइतका पक्का साक्षीदार नाही. पण साक्षीदारानं ओळखायचं कुणाला? डीएनएच्या क्रमातून अक्षरं मिळतात. त्या अक्षरांना नाव लागतं ते कुणीतरी आधी एक प्राणी हातात घेऊन, ओळखून, बाटलीत ठेवलेला असतो म्हणून. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये पडलेल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए धड निघत नाही, आणि खोल समुद्राचं आपलं जुनं दप्तर जवळपास सगळं तशाच बाटल्यांत आहे. उपग्रहाचा नकाशा आल्यावर माझ्या खात्यातही लोक म्हणाले होते, आता साखळी फेका. नकाशात बांध दिसतो. तो कुणाचा ते दिसत नाही.

प्राध्यापकांकडं मी शेवटी वळतो, कारण ते मित्रपक्षातले. 'उद्या उपयोग होईल' हा बचाव मला का नको? कारण तो हरतो. शंभर जातींपैकी नव्याण्णवांचा कधीच काही उपयोग होणार नाही, आणि काकांसारखा माणूस तेवढ्यावर बोट ठेवून मोकळा होतो. काकांना पटेल असं उदाहरण त्यांच्याच बागेत होतं. त्यांच्या वेलीच्या खाली डॉगरिजचा खुंट आहे, अमेरिकन वेलीचा. आपल्याकडं तो पाण्याच्या ओढीसाठी आणि खारट जमिनीसाठी लावतात, पण अमेरिकन मुळांवर दुसरी द्राक्षं बांधायची रीत रुजली ती फ्रान्सच्या बागा मेल्या तेव्हा. १८६०च्या दशकात तिथल्या वेली वाळायला लागल्या. १८६८ मध्ये प्लाँशाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं मुळांवर पिवळट मावा पाहिला, फायलॉक्सेरा. आणि रायली या अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञानं दाखवलं, की एसा फिच यानं १८५५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या द्राक्षाच्या पानांवरचा जो किरकोळ किडा नोंदवून ठेवला होता, तोच हा. दोन खंडांतल्या दोन नोंदी एका जिवाच्या निघाल्या. मग अर्थ लागला: अमेरिकन वेली या किड्याबरोबर जगतात, तर मुळं त्यांचीच घ्या. फिचच्या नोंदीतून औषध निघालं नाही. तिनं 'हा तोच आहे का' या एका प्रश्नाचं उत्तर दिलं. दप्तर एवढंच करतं, आणि ते उत्तर मिळेपर्यंत बाकीचे उपाय अंधारात असतात.

'तोच आहे का, आणि कुठं होता': खोल समुद्रात हे दोन प्रश्न माशाला थेट विचारता येत नाहीत. उत्तर अटलांटिकमध्ये रेडफिश नावाचा मासा पकडतात. त्याच्या अंगावर स्फिरिऑन असला की मांस कापून टाकावं लागतं, म्हणून व्यापारी त्याला शिव्या देतात. पण शास्त्रज्ञांनी पाहिलं, की कुठल्या भागातल्या माशांवर तो किती आणि अंगावर कुठं असतो यात फरक पडतो, आणि त्यावरून माशांचे कळप वेगळे ओळखता येतात. परजीवी म्हणजे माशाच्या खिशातलं रेशनकार्ड. राहतो कुठं ते त्यावर. दुसरं उदाहरण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं. चेल्सी वुड आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्यूजेट साउंडमधले १८८० ते २०१९ या काळात बाटल्यांत ठेवलेले आठ जातींचे ६९९ मासे उघडले आणि आतले परजीवी मोजले. ज्यांना आयुष्य पुरं करायला तीन किंवा अधिक यजमान, म्हणजे राहायला देणारे वेगवेगळे प्राणी, लागतात ते पाणी तापत गेलं तसे घटत गेलेले निघाले. एकाच यजमानावर भागवणारे टिकून होते. १८८० साली बाटलीचं झाकण लावणाऱ्याला तापमानवाढ माहीत नव्हती. त्यानं मासा, जागा आणि तारीख चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी आत टाकली.

आपल्याकडं अशा चिठ्ठ्या कुणी टाकल्या? बॅसेट-स्मिथ नावाच्या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरानं १८९८ साली मुंबईच्या माशांवरचे नवे परजीवी कोपेपॉड छापले. ऑल्कॉक हा दुसरा डॉक्टर 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरून आपले खोल समुद्र खरवडत होता; त्याची खोल पाण्यातल्या भारतीय माशांची यादी १८९९ ची. मग केरळचे एन. कृष्ण पिल्लै, ज्यांचा समुद्री माशांवरच्या कोपेपॉडचा जाडजूड ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षणानं १९८५ मध्ये काढला. तो बहुतेक किनाऱ्यालगतच्या माशांचा. ऑल्कॉकचे मासे आणि पिल्लैंचे परजीवी यांच्यामधली जागा अजून मोठ्या प्रमाणात कोरी आहे, आणि भाचीसारखी दोन-चार माणसं ती भरताहेत.

ती भरायची घाई का, तेही सांगतो. मध्य हिंद महासागराच्या तळाशी बहुधातूंचे गोळे पडलेत, आणि त्यांच्या शोधासाठी भारताकडं ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. जवळपास पाच नाशिक जिल्हे. १९८७ पासून तिथं आपला पाय आहे. २०२१ मध्ये खोल समुद्र मोहीम मंजूर झाली, पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांची, आणि तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारी 'मत्स्य' पाणबुडी तीतलीच. मी या मोहिमेच्या विरोधात नाही. निकेल-कोबाल्ट कुठून तरी यायचंच आहे. पण भूसंपादनाचा नियम समुद्राला का नाही? जमीन घेण्याआधी संयुक्त मोजणी होते. झाड, विहीर, पाईपलाईन, गोठा, सगळं उतरवून घेतात आणि मगच यंत्र आत जातं. तळ उकरल्यावर तिथं काय होतं याची यादी कुणी करायची, आणि कशावरून?

नोकरीच्या सुरुवातीला एका प्रकल्पाच्या संयुक्त मोजणीला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. यंत्रं आमच्या आधीच येऊन गेली होती आणि उकरलेल्या मुरमाचा ढीग शेतावर पसरला होता. एक म्हातारा एका जागेवर काठी टेकवून उभा होता. म्हणाला, "साहेब, इथं विहीर होती. बापानं खणलेली." उतारा पाहिला, त्यावर विहिरीची नोंद नव्हती. शेजाऱ्यांना विचारलं, ते खाली बघायला लागले. माझ्याबरोबरच्या वरिष्ठांनी हातातला तक्ता पुढं केला आणि मी विहिरीच्या रकान्यात लिहिलं: निरंक.